राउटर सारखा चालू-बंद होतोय? फेकून देण्याआधी या चार पायऱ्या करून बघा

मिरा-भाईंदर : पावसाळ्यात वीज जाते, थोड्या वेळाने येते. पंखा फिरू लागतो, टीव्ही लागतो, पण वायफाय काही परत येत नाही. राउटरवरचे सगळे दिवे एकदम लागतात, काही सेकंद लुकलुकतात, विझतात आणि पुन्हा पहिल्यापासून तेच सुरू होते. मोबाईलवर वायफायचे नाव दिसते न दिसते तोच गायब. मिरा रोडच्या सोसायट्या असोत, उत्तन-पालीचे कोळीवाडे असोत की घोडबंदर-चेण्याकडची वस्ती, हा अनुभव कुणालाच नवा नाही.

अशा वेळी ‘राउटर गेला’ असे म्हणून लोक सरळ नवा आणतात. राउटर खरोखर गेलेला असतोच असे नाही. अनेकदा बिघाड राउटरच्या बाहेर, शंभर-दोनशे रुपयांच्या अडॅप्टरमध्ये असतो. काही वेळा आतली सेटिंग किंवा प्रोग्राम खराब झालेला असतो आणि तो घरच्या घरी परत टाकता येतो. फक्त तपासणीचा क्रम चुकवायचा नाही. उलट्या क्रमाने गेले, म्हणजे आधीच रिसेट मारला किंवा भलताच प्रोग्राम टाकला, तर दुरुस्त होण्यासारखी वस्तूही कायमची बाद होते.

शहरात दुकान हाकेच्या अंतरावर असते. शहापूर, मुरबाड, जव्हार, मोखाडा अशा तालुक्यांतल्या गावांतून सर्व्हिस सेंटर गाठायचे म्हणजे एक दिवस मोडतो. त्यामुळे निघण्याआधी घरी कोणती तपासणी करायची हे माहीत असलेले बरे.

‘बूट लूप’ म्हणजे काय?

राउटर हा एक छोटा संगणकच आहे. चालू केल्यावर तो टप्प्याटप्प्याने उभा राहतो. सर्वात आधी ‘बूटलोडर’ नावाचा छोटा प्रोग्राम जागा होतो. तो मुख्य प्रोग्रामला, म्हणजे फर्मवेअरला, उठवतो. फर्मवेअर आपण केलेल्या सेटिंग्ज वाचतो आणि शेवटी वायफायचा रेडिओ सुरू करतो.

यापैकी एका टप्प्यावर अडखळला की राउटर स्वतःलाच बंद करून पुन्हा सुरू करतो. परत तिथेच अडखळतो, परत सुरू होतो. हाच बूट लूप.

इथे एक दिलाशाची गोष्ट आहे. बूटलोडर मेमरीच्या वेगळ्या कोपऱ्यात ठेवलेला असतो. फर्मवेअर बिघडला तरी बूटलोडर बहुधा शाबूत असतो आणि त्याच्याच मदतीने नवीन फर्मवेअर भरता येतो. म्हणून लूपमध्ये अडकलेला राउटर आणि एकही दिवा न लागणारा राउटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक फरक. दिवे स्थिर आहेत, वायफायचे नावही दिसतेय, पण फायबरच्या बॉक्सवर ‘लॉस’ची लाल लाइट लागली असेल, तर तो बूट लूप नाही. फायबरमधून सिग्नलच येत नाहीये. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटली की हेच होते. अशा वेळी राउटरशी खेळून उपयोग नाही, केबलवाल्याला किंवा कंपनीला फोन करायचा.

आधी घड्याळ लावा

काहीही दाबण्याआधी पाच मिनिटे राउटरसमोर बसा आणि एक फेरी किती सेकंदांची आहे ते मोबाईलच्या घड्याळावर मोजा. त्यावरून बिघाड कुठे असावा याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

- दोन-चार सेकंदांतच विझतो, कधी तीन तर कधी सात, वेळेला धरबंध नाही : संशय अडॅप्टरवर किंवा पिन सैल असण्यावर.
- वायफायची लाइट लागायच्या क्षणीच विझतो : इथेही आधी अडॅप्टरच बघा. वायफायचा रेडिओ सुरू होताना राउटर जास्त करंट ओढतो आणि थकलेल्या अडॅप्टरला तो झेपत नाही.
- दर वेळी अगदी ठरावीक सेकंदांनी, समजा ४० व्या सेकंदालाच, पुन्हा सुरू होतो : फर्मवेअर किंवा सेटिंग बिघडल्याची शक्यता मोठी.
- तासभर नीट चालतो आणि दुपारच्या उकाड्यात बंद पडतो : तापतोय. कपाटातून, टीव्हीच्या मागून बाहेर काढा.
- एखादी वायर लावली की मगच लूप सुरू होतो : त्या वायरीत, पोर्टमध्ये किंवा पलीकडच्या यंत्रात दोष.

हा पक्का निकाल नव्हे, अंदाज आहे. पण सुरुवात कुठून करायची ते त्यातून कळते.

पहिली पायरी : अडॅप्टर आणि मिनी यूपीएस

राउटर मिनी यूपीएसवर असेल तर आधी तो बाजूला काढा आणि राउटर थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा. या यूपीएसमध्ये लिथियम बॅटरी असते. दोन-तीन वर्षांत ती थकते आणि राउटरला पुरेसा दाब देऊ शकत नाही. यूपीएसची लाइट हिरवी दिसते म्हणून तो ठीक आहे असे धरून चालू नये.

तरीही लूप सुटला नाही तर अडॅप्टर बदलून बघायचा. अडॅप्टरमधले कपॅसिटर उष्णतेने हळूहळू सुकतात. मग नुसता मल्टिमीटर लावला तर बारा व्होल्ट बरोबर दिसतात, पण राउटरचा भार पडला की दाब खाली येतो. त्यामुळे मीटरपेक्षा दुसरा अडॅप्टर लावून बघणे ही खात्रीची चाचणी.

मात्र दुसरा अडॅप्टर घेताना तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत.

१. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. राउटरच्या पाठीवर ९ व्होल्ट लिहिले असेल तर १२ व्होल्टचा अडॅप्टर लावायचा नाही, राउटर जळू शकतो.

२. अँपिअर तितकेच किंवा जास्त चालतात. १ अँपिअरच्या राउटरला २ अँपिअरचा अडॅप्टर लावायला हरकत नाही. अर्धा अँपिअरचा लावला तर लूप तसाच राहील.

३. पिनेचा आकार आणि आत-बाहेर कुठे प्लस, कुठे मायनस याचे चित्र दोन्हीकडे सारखे हवे. ते चित्र स्टिकरवर छापलेले असते.

अनेक सेट टॉप बॉक्सचे अडॅप्टरही १२ व्होल्टचे असतात. तिन्ही गोष्टी जुळत असतील तर चाचणीपुरता तो वापरता येतो.

उत्तन, पाली, चौक, डोंगरी या किनारपट्टीच्या भागात आणखी एक गोष्ट तपासावी. खाऱ्या हवेने पिनेवर आणि राउटरच्या सॉकेटमध्ये हिरवट-पांढरा थर चढतो. वीज बंद करून पिन कोरड्या फडक्याने पुसा आणि दोन-चार वेळा आत-बाहेर करा.

ग्रामीण भागात ‘व्होल्टेज कमी असते म्हणून राउटर चालत नाही’ असे म्हणतात. अडॅप्टरवर इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिले असेल तर कमी दाबातही तो सहसा काम करतो. खरा धोका वीज परत येते तेव्हाच्या झटक्याचा असतो. म्हणून वीज गेली की राउटरचे बटण बंद करावे आणि आल्यावर पाचेक मिनिटांनी लावावे.

दुसरी पायरी : सगळ्या वायरी काढा

अडॅप्टर सोडून राउटरला लावलेली प्रत्येक वायर काढा. इंटरनेटची, टीव्हीची, सीसीटीव्हीची, सगळी. मागे पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावली असेल तर तीही काढा, कारण ती राउटरचीच वीज खाते. आता राउटर एकटाच चालू करा आणि पाच मिनिटे थांबा.

तो स्थिर राहिला तर दोष बाहेर आहे. एकेक वायर लावत जा. ज्या वायरीवर लूप परत सुरू होईल ती सापडली.

मिरा रोड-भाईंदरच्या जुन्या इमारतींमध्ये अजूनही काही ठिकाणी गच्चीवरून तांब्याची लॅन केबल घरात आलेली असते. जवळपास वीज पडली की झटका या तांब्यातून थेट राउटरच्या पोर्टमध्ये शिरतो. पोर्ट असा जळला तर राउटर ती वायर लावताच लूपमध्ये जाऊ शकतो. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, त्यामुळे तिथून हा धोका नाही. मात्र फायबरचा पिवळा किंवा पांढरा दोरा घरच्यांनी ओढू-वाकवू नये आणि त्याच्या टोकात डोळा लावून बघू नये. आतला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला घातक ठरू शकतो.

तिसरी पायरी : रिसेट, पण आधी वही-पेन

रिसेटने राउटरमधली तुमची सगळी माहिती पुसली जाते. वायफायचे नाव-पासवर्ड पुन्हा ठेवता येतो. पण स्थानिक केबलवाल्याचे किंवा छोट्या कंपनीचे कनेक्शन असेल तर त्यासाठी एक युजर आयडी आणि पासवर्ड राउटरमध्ये भरलेला असतो. त्याला पीपीपीओई म्हणतात. तो पुसला गेला तर राउटर दुरुस्त होऊनही इंटरनेट येणार नाही. लूपमध्ये असताना राउटरचे पान उघडत नाही, म्हणून ही माहिती आधी ऑपरेटरला फोन करून विचारून घ्या आणि वहीत लिहून ठेवा. रविवारी रात्री रिसेट मारायचा आणि सोमवारी सकाळी मुलाची ऑनलाइन परीक्षा, अशी वेळ आणू नका.

आता रिसेट. मागच्या बारीक छिद्रात टाचणी घालून राउटर चालू असताना साधारण दहा सेकंद बटण दाबून धरायचे, सगळे दिवे एकदम लुकलुकले की सोडायचे. लूपमधला राउटर कधी कधी इतका लवकर बंद पडतो की त्याला बटण दाबलेले कळतच नाही. मग राउटर बंद करा, बटण दाबून धरा, तसेच धरून वीज सुरू करा आणि दिव्यांची चाल बदलेपर्यंत सोडू नका.

‘३० सेकंद चालू, ३० सेकंद बंद, ३० सेकंद चालू, तोवर बटण सोडायचे नाही’ असा एक जुना उपाय व्हिडिओंमध्ये सांगतात. तो काही जुन्या राउटरसाठी निघालेला होता. आजच्या बहुतेक राउटरना त्याची गरज नाही. आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेत जे लिहिले आहे तेच करावे.

रिसेटनंतर राउटर स्थिर झाला तर बिघाड सेटिंगमध्ये होता. काम झाले. नाही झाला तर पुढची पायरी.

चौथी पायरी : फर्मवेअर नव्याने भरणे

ही पायरी फक्त स्वतः विकत घेतलेल्या राउटरसाठी आहे. कंपनीने बसवून दिलेल्या बॉक्ससाठी नाही. राउटर वॉरंटीत असेल तर इथेच थांबा, बिल शोधा आणि सर्व्हिस सेंटरला द्या.

यासाठी लॅपटॉप किंवा संगणक आणि एक लॅन वायर लागते. वायफायवरून हे काम करायचे नाही.

१. राउटरच्या पाठीवरच्या स्टिकरवरून मॉडेल आणि ‘हार्डवेअर व्हर्जन’ दोन्ही लिहून घ्या. एकाच नावाच्या राउटरचे व्हर्जन १ आणि व्हर्जन ३ आतून पूर्ण वेगळे असू शकतात. एकाचा फर्मवेअर दुसऱ्यात घातला तर राउटर खरोखर मरतो.

२. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडा आणि राउटर बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच फर्मवेअर उतरवा. फाइल झिप असेल तर उघडून आतली फाइल बाहेर काढा. मग लॅपटॉपचे वायफाय बंद करा.

३. लॅन वायरीने लॅपटॉप राउटरला जोडा. लॅपटॉपच्या इथरनेट सेटिंगमध्ये आयपी पत्ता ‘मॅन्युअल’ करून कंपनीने सांगितलेला आकडा भरा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. टाइप करताना आकडे इंग्रजीच वापरायचे.

४. राउटर बंद करा, रिसेट दाबून धरा, तसेच धरून चालू करा. बूटलोडर रिकव्हरीच्या अवस्थेत थांबतो.

पुढचे कंपनीनुसार बदलते. डी-लिंकच्या अनेक राउटरमध्ये काम सोपे आहे. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ टाकले की एक साधे पान उघडते, त्यात फाइल निवडून पाठवायची. असुसने यासाठी ‘फर्मवेअर रिस्टोरेशन’ नावाचा स्वतःचा प्रोग्राम दिला आहे. पॉवरची लाइट संथपणे लुकलुकू लागली की राउटर तयार आहे असे समजायचे आणि त्या प्रोग्राममधून फाइल पाठवायची.

टीपी-लिंकच्या आर्चर सी-७ सारख्या मॉडेलमध्ये गोष्ट उलटी आहे. तिथे फाइल आपण पाठवत नाही, राउटर स्वतः येऊन घेऊन जातो. लॅपटॉपचा पत्ता १९२.१६८.०.६६ ठेवायचा, ‘टीएफटीपी’ सर्व्हर चालवणारा मोफत प्रोग्राम सुरू करायचा आणि फाइलला त्या मॉडेलसाठी ठरलेलेच नाव द्यायचे. नावात एक अक्षर चुकले तरी राउटर फाइल उचलत नाही. लॅपटॉपच्या फायरवॉलनेही वाट अडवलेली असू शकते, ती तेवढ्या वेळापुरती बंद करावी लागते.

फाइल गेल्यावर पाच-दहा मिनिटे कशालाही हात लावायचा नाही. मेमरीत लिहिणे चालू असताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून. म्हणून पाऊस-वारा असेल किंवा वीज येत-जात असेल तेव्हा हे काम काढू नका. शेवटी लॅपटॉपचा आयपी पत्ता पुन्हा ‘ऑटोमॅटिक’ करायला विसरू नका, नाहीतर राउटर सुधारेल आणि लॅपटॉपवर नेट चालणार नाही.

यानेही जमले नाही तर बूटलोडर किंवा मेमरी चिप खराब असू शकते. ती चिप बाहेरून प्रोग्राम करणारे कारागीर असतात, पण साध्या राउटरसाठी तो खर्च परवडतो का हे आधी विचारून घ्यावे.

कंपनीने दिलेला बॉक्स असेल तर

फायबर कनेक्शनबरोबर कंपनीने बसवलेला बॉक्स बहुधा कंपनीच्या मालकीचा असतो. त्याचा फर्मवेअर कंपनी दुरूनच पाठवते, बाजारात मिळत नाही. यूट्यूबवर बघून त्यात काही टाकू नका. पहिल्या दोन पायऱ्या करा, म्हणजे थेट सॉकेट आणि वायरी काढून बघणे. नाही सुटले तर तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर लिहून घ्या. ठरल्या वेळेत काम झाले नाही तर त्याच नंबरवरून कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येते. ग्राहक म्हणून दाद मागण्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

कस्टमर केअरचा नंबर बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपवरून घ्या. गुगलवर शोधून मिळालेला पहिला नंबर भामट्याचा असू शकतो. राउटर दुरुस्त करायला मोबाईलवर स्क्रीन दाखवणारे ॲप किंवा ओटीपी लागत नाही. कुणी मागितला तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

शेजाऱ्याचाही राउटर त्याच दिवशी बिघडला?

मग कारण घराबाहेर असू शकते. जुलै २०१७ च्या अखेरीस बीएसएनएल आणि एमटीएनएलच्या ग्राहकांच्या हजारो मोडेमवर ‘ब्रिकरबॉट’ या मालवेअरचा हल्ला झाला. फटका बसला तो मूळ पासवर्ड न बदललेल्या मोडेमना. बीएसएनएलला तेव्हा ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले.

मे २०२३ मध्ये असुसच्या सर्व्हरवरच्या एका चुकीच्या फाइलमुळे जगभरात त्यांच्या अनेक राउटरचे नेट तुटले. कंपनीने माफी मागितली आणि आधी रीस्टार्ट, तरीही न जमल्यास रिसेट असा उपाय सांगितला. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेत एका इंटरनेट कंपनीचे सहा लाखांहून अधिक राउटर तीन दिवसांत मालवेअरने निकामी केले. ते मात्र बदलावेच लागले.

म्हणून एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे दोन-तीन राउटर एकाच दिवशी पडले तर रिसेटची घाई न करता आधी कंपनीला फोन करावा.

सुरू झाल्यावर लगेच करायची कामे

- राउटरच्या पानावरचा ‘ॲडमिन’ पासवर्ड बदला. वायफायचा पासवर्ड वेगळा आणि हा वेगळा.
- बाहेरून राउटर हाताळण्याची सोय, म्हणजे ‘रिमोट मॅनेजमेंट’, स्वतःच्या राउटरमध्ये बंद ठेवा.
- सेटिंग्जची बॅकअप फाइल लॅपटॉपवर आणि पीपीपीओईचा आयडी वहीत ठेवा.
- राउटर मोकळ्या हवेत ठेवा. वर कापड, पुस्तके नकोत.
- ढगांचा गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर आणि तांब्याची लॅन वायर दोन्ही काढा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही.

इतके करूनही राउटर उभा राहिला नाही तर तो ई-कचऱ्यात द्या, ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. अडॅप्टर चांगला असेल तर मात्र जपून ठेवा. पुढच्या वेळी घरातला किंवा शेजाऱ्याचा राउटर लुकलुकायला लागला, तर पहिल्या पायरीला तोच उपयोगी पडेल.